एक फूल जास्त, एक कमी

मी एक जुने बोझूरचे, म्हणजे पिओनीचे, झुडूप आहे, मित्रांनो, आणि माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. गोड वागण्याचा मक्ता झद्रावेत्सने, त्या सुवासिक पानांच्या झुडपाने, घेतलेला आहे. तो अजून माझ्या मालकिणीच्या, वेलिकाच्या फाटकापाशी, आलुबुखारच्या झाडाखाली सुखात पसरलेला असेल. मी गावाबाहेरच्या दफनभूमीत आहे. इथे मला का आणले, ते सांगते.

माझ्या वयाची पन्नाशी उलटली आहे. मिनचो आणि वेलिका यांचे लग्न झाले त्याच सप्टेंबरात मिनचोने आपल्या आईच्या अंगणातून माझ्या मुळाचा एक तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. नव्या नवरीने उत्साहाने खड्डा खणायला घेतला.

"पुरे, पुरे! विहीर खणतेस का?" मिनचो ओरडला. "कोंबावर माती फक्त दोन बोटं. जास्त खोल गेलं तर नुसती पानं येतात, फूल दिसायचं नाही."

"दोन बोटं कुणाची? तुझी की माझी?"

"तुझी. माझी जाड आहेत."

वेलिकाने आपली दोन बोटे आडवी धरून माती मोजली. तीन वर्षे मी फूल दिले नाही, पण तिने घाई केली नाही. चौथ्या मे महिन्यात मी फुलले. वाडग्याएवढी लालभडक फुले! बल्गेरियातल्या आमच्या डोंगराखालच्या त्या गावात माझ्यासारखे बोझूर दुसऱ्या कुणाकडे नव्हते. लोक रस्त्यात थांबून बघत.

थांबून बघत, एवढेच. कारण माझ्या शेजारी तो होता, झद्रावेत्स.

आम्ही दोघेही वर्षानुवर्षे जगणारे, दरवर्षी मुळातून नव्याने फुटणारे. पण आमची तुलना झाली नाही असा एक दिवस गेला नाही. खोटे कशाला बोलू? माझा बहर दहा दिवसांचा. त्यात पाऊस आला की माझी फुले चिखलात तोंड खुपसतात. मला ऊन लागते, खत लागते, आणि जागा बदललेली मला मुळीच खपत नाही. झद्रावेत्सला काहीच लागत नाही. सावलीत टाका, दगडात टाका, मुळाचा एक धागा उपटून पोत्यात न्या, तो जगतो. फूल म्हणाल तर नखाएवढे, फिकट गुलाबी. पण त्याचे पान चोळले की हात दिवसभर दरवळतो. पाहुणा आला की लाल दोरा बांधून त्याची डहाळी देतात. लष्करात जाणाऱ्याच्या टोपीत तो, नवरीच्या केसांत तो, पाद्रीबाबा घरात पवित्र पाणी शिंपडतात तेव्हा हातातल्या जुडीतही तोच.

"बोझूर म्हणजे नवरीचा थाट, दहा दिवसांचा," शेजारची गिना कुंपणावरून म्हणायची. "झद्रावेत्स म्हणजे संसार."

वेलिका हसायची. ती मला कधी तोडत नसे. "झाडावरच बरं दिसतं," म्हणायची. तिला वाटे ती माझे लाड करते आहे. मला मात्र एकच हवे होते, एकदा तरी तिच्या हातात जायचे. चाळीस वर्षे मी त्याच्याकडे बघून जळत राहिले.

त्यांचा एकुलता एक मुलगा रादो तिशीत स्पेनला कामाला गेला, तेव्हाही झद्रावेत्सच पुढे. वेलिकाने तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात त्याची डहाळी घातली आणि रादो निघताना ते पाणी उंबऱ्यापुढे ओतले. जाणाऱ्याची वाट पाण्यासारखी सुरळीत व्हावी म्हणून आमच्याकडे असे करतात. वाट फारच सुरळीत झाली. रादो अकरा वर्षे परत आला नाही. मिनचो वारला तेव्हाही रादोला सुट्टी मिळाली नाही.

तो आला वेलिकाच्या सत्तराव्या वाढदिवसाला. मे महिना होता, मी ऐन बहरात होते. अंगणात टेबल मांडले होते, गिना नटूनथटून बसली होती.

"रादो, झद्रावेत्सची एक डहाळी आण रे, टेबलावर ठेवायला!" वेलिका म्हणाली.

"पाला कसला मागतेस, आई! आज तुला खरी फुलं देतो."

तो स्वयंपाकघरातली सुरी घेऊन माझ्याकडे आला आणि सगळी फुले त्याने बुडापासून, पानांसकट कापली. असे कापू नये. पुढच्या वर्षीची ताकद पानांतच साठते. पण मला वेदना कळलीच नाही, मित्रांनो. मी तिच्या हातात चालले होते!

वेलिकाने मला छातीशी धरले. तिचा चेहरा फुलांत बुडाला. मग तो हळूच वर आला आणि तिचे ओठ हलू लागले. ती मोजत होती. आमच्याकडे जिवंत माणसाला फुले द्यायची ती विषम, मेलेल्याला सम. पोर शाळेत जायच्या आधी हे शिकते.

मी दहा होते.

गिनाने छातीवर क्रूसाची खूण केली. वेलिकाने जुडीतले एक फूल ओढून काढले आणि रादोच्या हातात दिले.

"हे तू घे. मला नऊ पुरेत. अजून जिवंत आहे मी."

रादोला समजायला क्षण लागला. मग तो हसला. तेच चुकले त्याचे. "अगं, तिकडे कोण मोजतं फुलं? डझनावारी विकतात!"

"विकतील ना," गिना म्हणाली. "तिकडे कुणी मरतच नसेल."

तो लाल झाला. माफी त्याच्या ओठांपर्यंत आली असावी, पण बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी तो निघाला. ते एक फूल गाडीच्या काचेमागे वाळून कोळसा झाले होते. वेलिकाने पुन्हा पाणी ओतले, पुन्हा झद्रावेत्स.

जूनच्या रणरणत्या उन्हात ती कुदळ घेऊन माझ्यापाशी आली.

"अगं वेलिका, वेड लागलं का?" गिना कुंपणावरून ओरडली. "बोझूर जूनमध्ये हलवतं का कुणी?"

"मेलेल्यांचं फूल आहे ना ते? मग मेलेल्यांत जाऊ दे."

"चुकलं पोरगं आणि शिक्षा झाडाला? वड्याचं तेल वांग्यावर!"

वेलिका कुदळ टाकून मातीतच बसली. "पोराला काय बोलू गं? बोलले तर तो यायचाच बंद होईल." आणि ती हमसून हमसून रडली. मला वाटले, संपले, आता मला सोडेल. ती डोळे पुसून उठली आणि तिने मला खणून काढले.

मिनचोच्या कबरीशेजारी तिने मला लावले. दोन बोटे नाही, चांगले वीतभर खोल. चाळीस वर्षांहून जास्त मला सांभाळणारी ती बाई! रागात विसरली की मुद्दाम केले, हे मला आजवर कळलेले नाही. मला तिचा राग आला, अजून येतो. पोरावरचे सगळे तिने माझ्यावर काढले, कारण मी कुठे निघून जाणार नव्हते.

मग तीन वर्षे नुसती पाने. ती दर शनिवारी मिनचोसाठी झद्रावेत्सच्या डहाळ्या घेऊन यायची, आणि माझ्याकडे बघायची नाही. रादो फोन करायचा, म्हणे. यायचा नाही. तिने काही न बोलताच तो यायचा बंद झाला होता.

शेवटच्या उन्हाळ्यात एकदा ती माझ्याजवळ वाकली आणि तिने बोटे मातीत खुपसली. दोन बोटे बुडाली, मग सगळा पंजा, मग मनगट. तिथे कुठे तिला माझा कोंब लागला. 

"मिनचो," ती म्हणाली, "मी विहीर खणली रे." मग मला म्हणाली, "सप्टेंबर येऊ दे. वर काढते हो तुला."

ऑगस्ट संपायला चार दिवस असताना ती गेली. रादो पोचला तो दफनाच्या दुसऱ्या दिवशी. तिच्या हातात गिनाने झद्रावेत्सची डहाळी दिली होती. तिथेही तोच.

तिची कबर माझ्या अगदी लगत खणली. वर ढीग करायला माती कमी पडली, तेव्हा खणणाऱ्याने फावड्याने माझ्या डोक्यावरची खरवडून घेतली. त्याला बोझूरशी काय देणेघेणे? पण माझ्यावरचे ओझे उतरले. एक मे पानांत गेला. दुसऱ्या मे अखेरीस मला फूल आले. एकच.

त्याच आठवड्यात चेरीचा शनिवार होता. त्या दिवशी सगळा गाव शिजवलेले गहू, वाइन आणि मोसमातल्या पहिल्या चेरी घेऊन आपापल्या कबरींवर येतो. रादोही आला. केस पिकले होते. त्याने शहरातल्या दुकानातून आणलेली कार्नेशनच्या फुलांची जुडी आईच्या कबरीवर ठेवली.

गिनाने मोजले. "किती आणलीस रे?"

"सात, मावशी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात शहाण्या पोराचा अभिमान होता. "मोजून आणली. त्या वाढदिवसानंतर कुणालाही फुलं देताना एकदाही चुकलो नाही मी. विषमच देतो."

गिनाची चेरी हातातच राहिली. ती कधी नव्हे ते हळू बोलली. "बाळा, विषम जिवंत माणसाला."

 रादोने इकडेतिकडे पाहिले. जवळपास दुसरे फूल नव्हते, मी होते. त्याने गुडघे टेकले आणि माझे ते एकुलते एक फूल तोडले. या वेळी पाने ठेवली. सातांत ते घालून त्याने आठ केले आणि "आई, चुकलो गं," म्हणाला. त्या दगडाला म्हणाला.

असे मी वेलिकाकडे पुन्हा पोचले, मित्रांनो. तेव्हा मी एकाने जास्त होते, आता एकाने कमी पडत होते. दोन्ही वेळा बेरीज दुसऱ्यांची आणि कापले जायचे मी.

माझी विनंती ऐकणार असाल तर ऐका. आईला फुले द्या तेव्हा मोजून द्या, आणि चुकलात तर ती समोर असतानाच चुकलो म्हणा. राग आला तर ज्याचा आहे त्याला सांगा, अंगणातल्या झाडाला खणू नका. आणि बोझूर लावलेत तर दोन बोटेच माती घाला.

माझ्यावर आता बरोबर दोन बोटे माती आहे. उरलेली तिच्यावर आहे.