नववं व्हायोलिन

पडद्यावर कुणी मेलं की संगीत यानेच द्यावं, असं त्या संगीतकाराबद्दल बोललं जायचं. पण तिथवर पोचायला त्याला मालिकांमध्ये अर्धं आयुष्य घासावं लागलं होतं. सासूने भुवई उचलली की झांज, सुनेने डोळे पुसले की बासरी. पोटापाण्याचं काम, नाक मुरडून चालत नव्हतं.

मग एक मोठा सिनेमा हाती आला. त्यात एक बाप मुलाच्या रिकाम्या खोलीत जाऊन नुसता बसून राहतो. त्या प्रसंगासाठी त्याने आठ व्हायोलिनवादक बोलावले. ध्वनिमुद्रण झालं, वादक चहाला गेले आणि रेकॉर्डिस्टने त्याला आत हाक मारली. या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणायचे.

"किती जण बोलावलेस?"

"आठ. का रे?"

"मला नऊ ऐकू येतायत."

आठांच्या वर एक व्हायोलिन एकटंच वाजत होतं. ते सूर संगीतकाराने लिहिलेच नव्हते. दोघांनी एकेका वादकाचा माईक वेगळा करून ऐकला. प्रत्येकात ते होतं, आणि प्रत्येक माईकपासून सारख्याच अंतरावर.

दिग्दर्शकाने ते ऐकून चष्मा काढला. "बाकीचं हवं तर फेकून दे. एवढं ठेव."

संगीतकाराने ते ठेवलं. सिनेमा चालला, त्या सुरांवर लेख आले. मग जो तो तसलंच मागायला लागला, आणि ते प्रत्येक वेळी आलं. हळूहळू त्याला सवयच जडली. तो सुरावटीत जागा मोकळी सोडायचा आणि घरी जाऊन निवांत जेवायचा.

पुढे एका विनोदी सिनेमात नवरा बायकोला घाबरून कपाटात लपतो, त्यावरही ते व्हायोलिन रडलं. निर्माता वैतागला. संगीतकाराने दुसऱ्यांदा वाजवून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. रडणं काही थांबेना. शेवटी वैतागून त्याने वादकांना घरी पाठवलं आणि भर दुपारी रिकाम्या दालनाचंच मुद्रण लावलं.

काचेआड तो आणि कानसेन कान देऊन बसले. आधी काहीच नाही. मग खुर्ची सरकली. समोर तर एकही खुर्ची हलली नव्हती. व्हायोलिनच्या गजावर राळ घासल्याचा आवाज आला, सावकाश, जुन्या सवयीच्या हाताचा. मग एक श्वास आत घेतला गेला आणि तसाच थांबला.

"वाजवत का नाही?" संगीतकार पुटपुटला.

"तुझ्या इशाऱ्यासाठी थांबलंय," कानसेन म्हणाला. त्याने यंत्र बंद केलं आणि मित्राचं मनगट घट्ट धरलं. "हात वर करू नकोस."

त्यानंतर संगीतकाराने व्हायोलिनचं नावच टाकलं. पियानोवर भागवलं, कधी नुसत्या शांततेवर. पहिल्यासारखी मजा राहिली नाही, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे, त्याला झोप लागत होती.

एका रविवारी तो ताईकडे जेवायला गेला. तिच्या टीव्हीवर त्याची अगदी पहिली मालिका पुन्हा दाखवत होते. तेव्हा त्याच्याकडे एकच व्हायोलिनवादक होता, तोही शिकाऊ. ताई हातातली भाजी निवडता निवडता थांबली.

"इथे ऐक हं. ही जागा मला तेव्हापासून आवडते. ही दोन व्हायोलिनं एकमेकांशी बोलतात ना, ते."

त्याने ऐकलं. शिकाऊ हात चाचरत होता आणि दुसरा त्याला सांभाळून घेत होता.

"ताई, हे मी लिहिलेलं नाही."

"मग कुणी लिहिलं?" ती हसली. "याच्यावरच तर तुला पुढची कामं मिळाली."

पडद्यावरचा प्रसंग संपला, जाहिरात लागली. तो गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. कानसेनने मनगट धरलं होतं तसेच ते त्याने घट्ट दाबून धरले होते. ताईने दोनदा पान वाढलंय म्हणून सांगितलं, तरी त्याला हात उचलवेनात.