गाव पुसलेली कमलबाई

खान्देशात कुणालाही नाव सांगा, समोरचा आधी विचारतो, "कोण गावना?" म्हणजे कुठल्या गावचा. पाटलांचा इथे तोटा नाही आणि कमलबाई पाटील तर दर दोन कोसांवर एक. लीलाधर तायडेला हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. म्हणून जळगावच्या त्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने रक्तगटांच्या फायली गावांच्या कप्प्यांत लावल्या. फाईलच्या नावाला आठच इंग्रजी अक्षरं मिळायची. 'कमलपाट' म्हटलं की संपली. भडगावच्या कप्प्यात कमलपाट, वरणगावच्या कप्प्यातही कमलपाट. फाईलच्या आत गाव लिहायचं कारणच नव्हतं. कप्पा म्हणजेच गाव.

प्रोग्रॅम जुना, डॉसचा. नव्या मशीनच्या पोटात एक खोटी जुनी मशीन चालवायची आणि तिच्या पोटात हे कप्पे, असला तो प्रकार. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात, एका सोमवारी प्रोग्रॅमच्या कंपनीचा टायवाला आला. दोन फ्लॉप्या घातल्या, चहा प्याला, म्हणाला, "अपग्रेड झालं. आता सगळं सुटसुटीत." आणि गेला.

मंगळवारी अकरा वाजता नर्सिंग होममधून सिस्टरचा फोन.

"भडगावची कमलबाई पाटील. बाळंत झाली, रक्त थांबत नाहीये. मागच्या महिन्यात तुमच्याकडेच तपासलंय. ग्रुप बोल लवकर!"

लीलाधरने नाव टाकलं. एकच कमलपाट आली. कप्पे कुठे दिसेनात, पण एकच आहे म्हणजे तीच, असं त्याने धरलं.

"बी पॉझिटिव्ह."

फोन ठेवला आणि मग त्याची नजर वयावर गेली. एक्केचाळीस.

भडगावची तर पहिलटकरीण होती! माहेरी आलेली, विशीतली पोर. त्याने भडगाव शोधलं. नाही. वरणगाव नाही. एडलाबाद नाही. सगळी गावं एका ढिगात ओतलेली. शनिवारी तेवीसशे फायली होत्या, आज सतराशे. त्याच नावाची दुसरी फाईल आली की ती पहिलीच्या उरावर बसली होती, कुणाला न विचारता. भडगावची कमल पुसली गेली होती. त्याने वाचून दाखवलं ते वरणगावच्या बाईचं रक्त.

त्याने नर्सिंग होमला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

"डॉक्टर, जुनी रजिस्टरं?" त्याने लॅबच्या मालकांना विचारलं.

"रद्दीत दिली ना? तूच बांधलीस." डॉक्टरांनीच बांधायला लावली होती, ते मात्र त्यांना आठवेना. सगळं ऐकून ते म्हणाले, "कंपनीला फोन कर. आणि बाहेर बोलू नकोस, लॅबचं नाव जाईल."

"नाव जाऊ द्या चुलीत. बाई जाईल तिकडे!"

फ्रीजमधल्या, रक्तगट तपासायच्या औषधांच्या तीन बाटल्या, काचपट्ट्या, सुई त्याने बर्फाच्या डब्यात कोंबल्या आणि सायकल हाणली. वाटेत एकच गोष्ट डोक्यात: चुकीचं रक्त चढलं की माणसाला आधी थंडी वाजते. काम शिकताना त्याने एकदा पाहिलं होतं. तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला.

नर्सिंग होममध्ये खोलीच्या दारात कमलबाईची आई झुंबरबाई उभी होती.

"भाऊ, गोधडी शे का कोठे? मनी पोरले थंडी वाजी ऱ्हायनी."

लीलाधर तिला ढकलूनच आत शिरला. स्टँडला लाल बाटली टांगलेली. ब्लड बँकेत रक्त जुळवून घ्यायला तास जातो म्हणून नुसत्या ग्रुपवर आणलेली. सिस्टरच्या हातात नळी.

"थांबा! चालू केलं का?"

"आता करतेय. का?"

"ग्रुप चुकलाय. मीच चुकीचा सांगितला."

झुंबरबाईने त्याची बाही धरली. "तू डागदर शे का रे?"

"नाही अक्का. चुकलेला माणूस आहे. हात सोडा."

त्याने कमलबाईच्या पांढऱ्याफटक बोटाला सुई टोचली. काचेवर रक्ताचे तीन थेंब. निळ्या, ए च्या बाटलीतला थेंब मिसळला तसे रव्यासारखे दाणे धरले. पिवळ्या, बी च्या बाटलीतला मिसळला, काहीच नाही. रक्त ए होतं. तिसऱ्या थेंबातही दाणे.

"ए पॉझिटिव्ह," सिस्टर पुटपुटली, आणि बी लिहिलेल्या बाटलीकडे पाहून मटकन खुर्चीत बसली.

एक वाजता योग्य बाटली लागली. तोवर ती पोर रक्त गेल्यानेच कुडकुडत होती. दोन वाजता तिने पाणी मागितलं.

लीलाधर लॅबवर परतला तेव्हा फोन वाजत होता. डॉक्टर शेजारी उभे. पलीकडे दुसरं हॉस्पिटल.

"झुलाल पाटील, ऑपरेशनला घेतलाय. तुमच्याकडे ग्रुप आहे ना?"

"कोण गावना?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं. मग त्याने पडद्याचं बटण बंद केलं. "आमच्याकडचं काही धरू नका. सहाशे माणसं पुसली गेलीत, उरलेली कुणाची कोण, सांगता येत नाही. तपासायला त्याचं ताजं रक्त पाठवा."

डॉक्टर लालबुंद झाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या," लीलाधर म्हणाला. "आज फोन मीच उचलणार."