ड्रमच्या पोटातली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. तुम्हाला वाटेल, उशीला काय सांगण्यासारखं असणार? कोणी डोकं ठेवलं, घोरलं, लाळ गाळली, संपलं. पण मला शिवलं ते कोणाच्या डोक्याखाली ठेवायला नव्हेच. मला शिवलं ते ड्रमच्या पोटात कोंबायला. एके काळी जे गाणं लहानथोरांच्या तोंडी होतं, त्या गाण्यात मी आहे. कितीही कान देऊन ऐका, मी सापडणार नाही. माझं कामच मुळी आवाज गिळायचं होतं.

मला शिवणारे बाबा गादीवाले होते. पुढे दुकान आणि मागे कोठीची खोली, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आणि लागूनच राहतं घर, एवढाच त्यांचा पसारा. कापूस पिंजून पिंजून त्यांच्या भुवयांत कायम पांढरे तंतू अडकलेले असत, त्यामुळे तरुणपणीच ते म्हातारे दिसायला लागले होते. मुलांची आई लवकर गेली. ताईच्या वेण्या घालण्यापासून धाकट्याची नखं कापण्यापर्यंत सगळं बाबांनीच केलं. बोलणं मात्र मोजकं. गिऱ्हाइकाशीसुद्धा ते गादीला हात लावून जे काय सांगायचं ते सांगत.

मुलं मोठी झाली आणि त्यांना गाण्याचं वेड लागलं. गाणं म्हणजे गोडगोड नव्हे हं. धाकटा गिटार खरवडायचा आणि घसा फाटेस्तोवर ओरडायचा, ताई ड्रम बडवायची आणि तिसरा त्यांचा मित्र लांब्या जाड तारांची गिटार वाजवायचा. प्रत्येक दारातून वाकूनच यावं लागे, म्हणून तो लांब्या. कोठीच्या खोलीत त्यांनी भिंतींना गाद्या उभ्या करून लावल्या आणि तिथं त्यांचा बँड सुरू झाला. गाद्या असूनही दुकानात गिऱ्हाइकाला बाबांचं आणि बाबांना गिऱ्हाइकाचं काही ऐकू येईना.

बाबा एकदा आत आले. ओरडतील म्हणून तिघं गप्प झाली. बाबा खाली बसले, पायानं वाजवायच्या त्या मोठ्या ड्रमवर त्यांनी टिचकी मारली आणि कान लावला. "हा फार घुमतो. पोट रिकामं आहे त्याचं," एवढंच म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिवलं. पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड घेतलं, कापूस मुठीनं दाबून दाबून भरला, दाभणानं जवळजवळ टाके घातले आणि स्वतःच्या हातानं मला ड्रमच्या पोटात बसवलं. ताईनं पाय दाबला. नुसतं 'धप्' झालं, घट्ट आणि जवळचं. ताई बघतच राहिली. धाकट्यानं तोंड वाकडं केलं, कारण बाबांचं बरोबर निघालं होतं.

तरी गोंगाट व्हायचा तो व्हायचाच. मग बाबांनी एक रीत पाडली. फार झालं की कापूस झोडायच्या काठीनं पलीकडून फळीवर दोन थापा मारायच्या. टक् टक्. म्हणजे हळू. मुलं लगेच हळू वाजवायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा चोरपावलांनी आवाज वाढवायची. मग पुन्हा टक् टक्. धाकट्याच्या मस्तकात तिडीक जायची. त्या रागातूनच त्यानं गाणं लिहिलं.

'चाललो तरी हळू, बोललो तरी हळू,
जगायचं तरी अजून किती हळू?'

एकदा खोळी न्यायला आत आलेले बाबा ते ऐकत उभे राहिले. "माझ्यावर आहे का रे हे?" त्यांनी विचारलं.

धाकट्याचं तोंड लाल झालं. "छे! तसं काही नाही."

"चाल बरी आहे," बाबा म्हणाले आणि खोळी घेऊन गेले. त्या दिवशी धाकटा उगाचच वाजवता वाजवता हसत होता.

लांब्यानं कुठून तरी रेकॉर्डिंगचं यंत्र मागून आणलं तो दिवस मला विसरता येत नाही. सकाळीच ताईनं भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं होतं, "बाबा, आज काही झालं तरी ठोकू नका हं. सगळं वाया जाईल."

"नाही ठोकत," बाबा म्हणाले. आणि खरंच, दोन-तीनदा गाणं बिघडलं, पुन्हा सुरू झालं, खोली दणाणून गेली, तरी भिंत गप्प होती. मग एकदाचं छान जमलं. तिघांचा श्वास एक झाला. धाकटा जीव तोडून ओरडला, 'अजून किती हळू?' आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडून दोन थापा आल्या.

मित्रांनो, काठीची थाप मी चांगली ओळखत होते. ती वरून यायची, टणक यायची. या थापा खालून आल्या, जमिनीलगतच्या फळीवर, आणि बोथट होत्या. उघड्या हाताच्या होत्या त्या. दुसरी तर थाप कसली, हात फळीवरून घसरला होता. ड्रमच्या कातड्यातून ते सगळं माझ्यापर्यंत आलं. ताईचा पाय चुकला. तिनं धाकट्याकडे बघितलं असावं. पण सवय मोठी वाईट. तिघंही हळू झाली, अगदी कुजबुजल्यासारखी, आणि मग धाकट्यानं गिटारीवर असा हात मारला की तिघं पुन्हा पूर्ण जोरात सुटली आणि गाणं शेवटपर्यंत गेलं.

"सांगूनसुद्धा ठोकलंच!" धाकटा म्हणाला, पण लांब्या नाचत होता. "अरे, तेच भारी झालंय! ऐक तरी एकदा." त्यांनी यंत्राची फीत मागे फिरवली आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. थापांच्या जागी तिघं हसली. मग ताई दुकानात गेली, बाबांना लटक्या रागानं विचारायला.

बाबा भिंतीलगत कापसात पडले होते.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. ताईनं ते अर्धं वाक्य घरी आणलं. कोठीत येऊन माझ्या ड्रमशेजारी जमिनीवर बसली आणि लांब्याला म्हणाली, "ते मदतीला बोलवत होते का रे? आणि आपण गाणं ऐकत बसलो?"

बाबा घरी आले, खाटेवर पडले. ऐकू येत होतं, कळत होतं, मान हलवता येत होती, डावा हात थोडा उचलता येत होता. म्हणजे त्यांना विचारता आलं असतं. पण विचारणार कोण? उत्तर 'हो' आलं तर पुढे जगायचं कसं? ताई विचारायला म्हणून खाटेपाशी बसायची आणि "पाणी देऊ का बाबा?" एवढंच विचारून उठायची. धाकटा तर त्यांच्याकडे सरळ बघतही नसे.

इकडे लांब्यानं कोणाला न विचारता ते गाणं एका रेडिओवाल्याला दिलं होतं. त्यानं ते एकदा लावलं आणि लोकांनी ते डोक्यावरच घेतलं. बसमध्ये तेच, केशकर्तनालयात तेच. पोरं शाळेच्या बाकांवर दोन थापा मारून गुरुजींना म्हणू लागली, 'अजून किती हळू?' कंपनीचा माणूस दारात आला. "त्या दोन थापांची कल्पना कोणाची? कमाल आहे!" त्यानं विचारलं. धाकटा म्हणाला, "आमचीच." ताई उठून आत गेली. मला वाटतं, खरं सांगायला त्याची जीभच उचलली नाही. म्हणून मी त्याला खोटारडा म्हणत नाही.

मग काय, मोठमोठे मंच, डोळे दिपवणारे दिवे. बाबांना सांभाळायला आत्या येऊन राहिली आणि आम्ही गावोगाव निघालो. एका मंचावरच्या माणसानं मला ओढून काढलं. "ही कुठली गबाळी उशी? चांगला फोम घालतो," म्हणाला. ताईनं मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि परत आत बसवलं. मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू! पण तो फार टिकला नाही. गाणं त्या जागी आलं की हजारो माणसं एकदम पाय आपटायची. धप् धप्. आणि आनंदानं ओरडायची. दरवेळी ताईचा पाय माझ्यासमोर चुकायचा. धाकटा आणखी जोरात गायचा. लोकांना ते फार आवडायचं.

एका गावी लोकांनी पाय आपटले आणि ताई उठली. हातातल्या काड्या खाली ठेवल्या आणि मंचावरून चालत आत गेली. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला.

गाणं कसंबसं उरकून धाकटा मागे ड्रमपाशी धावत आला. ताई तोवर परत येऊन ड्रममधून मला बाहेर काढत होती. "कुठं गेली होतीस अशी?"

"बघायला."

"काय बघायला?"

"कोण ठोकतंय ते."

धाकट्यानं गिटार खाली ठेवली. "अगं ताई, ते नेहमीसारखंच होतं. दिवसातून दहादा ठोकायचे ते."

"नको म्हटल्यावर कधी ठोकलंय त्यांनी?" ताई म्हणाली. "तुला एवढी खात्री आहे ना, मग विचार त्यांना."

"तू विचार."

"मला धीर होत नाही रे," ताई म्हणाली, आणि मला काखेत मारून घरी निघून आली. बँड तिथंच मोडला.

धाकट्यानं आणखी दोन गाणी केली. कंपनीला पुन्हा तसंच काहीतरी हवं होतं, म्हणून एका सुताराला बोलावून फळीवर थापा मारून घेतल्या म्हणे. दिवसभर तो बिचारा ठोकत बसला, पण ती मजा काही येईना. गाणी आली कधी आणि गेली कधी, कोणाला कळलं नाही. कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. मग धाकटा हॉटेलांत गायला लागला. तिथंही लोक नवं काही ऐकून घेत नसत. जेवता जेवता टेबलावर चमचा दोनदा आपटत आणि तेच गाणं मागत. शेवटी एक दिवस गिटार पाठीला लावून तो घरी आला आणि काही न बोलता दुकानात कापूस पिंजायला बसला.

मी तेव्हा बाबांच्या डोक्याखाली असे. ताईनं मला ड्रममधून काढून तिथंच ठेवलं होतं. मी फार घट्ट होते, त्यांची मान दुखत असणार, पण दुसरी उशी आणली की ते डाव्या हातानं ती बाजूला सारत.

धाकटा आल्यावर काही दिवसांनी दोघं बहीणभाऊ एकदमच खोलीत आली. आधी ठरवून आली असावीत, कारण दारातच थबकली. मग ताई खाटेच्या कडेला बसली आणि तिनं बाबांचा डावा हात धरला. "बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही ठोकलं ना... आम्हाला बोलवत होता का?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या धाकट्याकडे पाहिलं, बराच वेळ. आणि त्यांनी मान हलवली. नाही.

मग हात सोडवून घेतला. बोटानं कपाळावर टकटक केलं, विसरलो म्हणून. पंजा पालथा करून हवेत खाली दाबला, हळू म्हणून. आणि तोंडाच्या चालणाऱ्या बाजूनं ओशाळं हसले.

"विसरलात?" ताई म्हणाली. "सकाळी एवढं बजावून सांगितलं होतं, आणि विसरलात?" ती हसत होती आणि रडत होती. धाकट्यानं येऊन बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मग दोघं चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. तिकडून त्यांच्या बोलण्याचा आवाज आला, नंतर हसण्याचा. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी मोठ्यानं हसलं होतं.

ती गेल्यावर बाबांनी मोठ्या कष्टानं मान वळवली आणि तोंड माझ्यात खुपसलं. माझा कोपरा दातांत धरला. आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. आसवं सुताच्या आत, पार मधल्या कापसापर्यंत झिरपली. मी त्यांच्या हातची उशी, आवाज गिळायला शिवलेली. त्या दिवशी मी माझं काम चोख केलं. पण मला फार फार वाईट वाटलं, मित्रांनो. अजूनही वाटतं.

आता बाबा नाहीत. ताई आणि धाकटा मिळून दुकान चालवतात आणि मी गल्ल्यामागच्या खुर्चीत असते. कधी रेडिओवर ते गाणं लागतं. पूर्वी ताई चटकन बंद करायची. आता करत नाही. उलट त्या जागी स्वतःच लाकडावर दोन थापा मारते आणि नवख्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगते, "आमचे बाबा बरं का हे. ठोकू नका म्हटलं तरी विसरले!" धाकटाही मान डोलावतो. त्यांना तसंच वाटू दे. मला बोलता येत नाही हे बरंच आहे.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला जपा, उन्हात घाला, असलं काही मी म्हणणार नाही. माझं आयुष्य झालं. पण बाळांनो, शेजारच्या खोलीतून कोणी थाप मारली, हाक मारली, नुसतं खाकरलं, तर 'नेहमीचंच आहे' म्हणू नका. हातातलं टाकून उठा आणि बघून या. गाणं काय, पुन्हा पहिल्यापासून म्हणता येतं.