खाली उतरवायच्या दोऱ्या

दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रगतीचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिच्या आईच्या, चंद्रभागाबाईंच्या, पित्ताशयातले खडे काढायचे होते. पण शुगर उतरेना म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. चार दिवसांची रजा काढून आदिलाबादला आलेली एकुलती लेक अडकून पडली होती.

तिचं काम लक्षद्वीपच्या एका बेटावर. तिथे उथळ समुद्रात प्रवाळांची रोपवाटिका होती. वादळात मोडलेले प्रवाळाचे तुकडे गोळा करायचे, पाण्याखाली ताणलेल्या दोऱ्यांवर बांधून वाढवायचे आणि जोम धरला की उजाड खडकावर नेऊन लावायचे. तिचे वडील चंपतराव उटनूरच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पोरगी समुद्रात नर्सरी चालवते, असं ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, आणि ऐकणारा विचारी, इंग्लिश मीडियम का?

त्या दुपारी बेटावरून तिच्या सोबत्याचा, भूषणचा फोन आला. समुद्र तापला होता. पाणी असं तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं बारीक शेवाळ बाहेर टाकतं. त्याचा रंगही त्या शेवाळाचा आणि बरंचसं अन्नही त्याचंच. मग ते पांढरं पडतं आणि उपासमारीनं हळूहळू मरतं. वरच्या दोऱ्या फिकट पडू लागल्या होत्या. त्या खोल, गार पाण्यात उतरवायच्या, एवढा एकच उपाय हाताशी होता.

"उद्याचा दिवस बोट मिळतेय. परवापासून वारा आहे म्हणतात," भूषण म्हणाला. "पाणबुडे दोघंच. सगळ्या दोऱ्या उतरणार नाहीत. कुठल्या उतरवू ते तुम्ही सांगा. प्रकल्पाच्या सरांचा फोन लागत नाहीये."

संध्याकाळी सांगते म्हणून तिनं फोन ठेवला. मग ती रस्त्यावर आली, उन्हात स्टेशनपर्यंत चालत गेली आणि तशीच परत फिरली. व्हरांड्यात पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या. चंपतराव बाकावर बसून बघत होते. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"बस न व एका जागी. ऑपरेशन मायचं हाय, का तुह्या त्या दगडाचं?"

"दगड नोहे ते, बाबा. जीव हाय त्याच्यात."

बोललो ते चुकलं असं चंपतरावांच्या चेहऱ्यावर आलं. ती कॅन्टीनच्या मागच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली.

रोपवाटिकेतली पूर्वेकडची ओळ तिची होती. पहिल्या वर्षी तिनं स्वतःच्या हातानं बांधलेले तुकडे आता हाताच्या पंजाएवढे पसरले होते. त्यांच्या पलीकडच्या दोऱ्यांवर होते ते मागच्या कडक उन्हाळ्यातही रंग न सोडलेल्या प्रवाळांचे तुकडे. ते अजून बोटभरच होते, दिसायला किरकोळ. पण समुद्र असाच तापत राहणार असेल, तर पुढे उपयोगी पडले तर तेच पडणार होते. हे तिला भूषणचा फोन चालू असतानाच कळलं होतं. कळूनही तिनं सगळी दुपार घालवली.

तिनं फोन लावला. "मागच्या उन्हाळ्यात टिकले होते, त्यांचे तुकडे आधी उतरव."

"आणि पूर्वेची ओळ?"

"राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून बेटाचा फोन लागेना. त्याच सकाळी शुगर उतरली आणि चंद्रभागाबाईंना आत नेलं. प्रगती दाराबाहेर उभी राहून दर थोड्या वेळानं फोन लावून बघे, मग आई आत असताना आपण हे काय करतोय म्हणून फोन पर्समध्ये टाके, आणि पुन्हा काढे. नर्सनं बाहेर येऊन तेलुगूत सांगितलं की सगळं नीट झालं, तेव्हा तिला एकदम रडू फुटलं. चंपतरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "काऊन अशी फिरून राह्यली? पाहूनच गरगरते मले."

फोटो आले तेव्हा वारा पडून दोन दिवस झाले होते. उतरवताना एक दोरी निसटली होती आणि तिच्यावरचे तुकडे मोडून वाळूत विखुरले होते. उतरवलेल्या बाकीच्या दोऱ्यांनी रंग धरून ठेवला होता. पूर्वेची ओळ चुन्यासारखी पांढरी पडली होती. चंद्रभागाबाईंनी फोन हातात घेऊन ती ओळ बराच वेळ बघितली.

"मेले का हे?"

"अजून नाय. पानी लवकर थंड झालं त रंग भरन पुन्हा. नाय त मरतीन."

"मंग तू इथं काय करून राह्यली?"

टाके निघाल्यावर जाईन, असं प्रगती म्हणाली. आईनं ते ऐकून घेतलं नाही. टाके काढायला डॉक्टर आहे आणि घरी न्यायला हे आहेत, म्हणाली. सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीवर चंपतराव तिला सोडायला आले. फलाटावर त्यांनी विचारलं, त्या निसटलेल्या दोरीचं आता काय होणार? वाळूतले तुकडे वेचून पुन्हा बांधायचे, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि तिची बॅग स्वतःच वर चढवली.

ती पोहोचली तोवर पूर्वेच्या ओळीतले निम्म्याहून जास्त तुकडे मेले होते आणि त्यांच्यावर बाहेरचं हिरवट, तंतूसारखं शेवाळ चढलं होतं. उरलेल्यांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी ती खाली गेली, वाळूतले जिवंत तुकडे जाळीच्या पिशवीत भरून वर आली आणि ओल्या अंगानंच घरी फोन केला. आईनं आपल्या टाक्यांचं काही सांगायच्या आधी विचारलं, पानी कसं हाय?

"गरमच हाय व अजून," प्रगती म्हणाली, आणि बोटीच्या कडेवरून खाली बघत राहिली.