पुलाच्या अलीकडे

तिने ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन गुरगुरलं, पण बॅटरीला लावलेल्या मीटरचा काटा ढिम्म हलला नाही.

"बघ," स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले. "म्हातारी नुसती बॅटरी खाते, परत काही टाकत नाही. पुलाच्या अलीकडे आली की मान टाकते. रोज."

"मग रोज कशाला जाता?"

"इंजिनिअरबाई, तुम्ही गाडी बघा."

बाबांची ही मोटारसायकल तिच्याहून जुनी. बॅटरी संपली की ठिणगी बंद, ठिणगी बंद की गाडी बंद. रात्रभर चार्जरवर भरलेली बॅटरी जेमतेम पुलापर्यंत पुरायची. तिने डायनॅमो तपासला. तो वीज देत होता. रेग्युलेटरमधूनही ती पुढे येत होती. संशयित उरली फक्त तिथून बॅटरीपर्यंतची हातभर वायर.

"तुझ्या आईचं काम असणार," बाबा म्हणाले. "मी बाहेर पडलो की तिच्या डोळ्यांत खुपतं."

"मला साधा फ्यूज बसवता येत नाही," स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला.

हिवाळ्यात बाबा पूल ओलांडून गेले आणि परतीचा रस्ताच विसरले. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याने त्यांना गाडीसकट आणून सोडलं. मग अख्खी दुपार ते गाडीपाशी एकटेच बसून होते, जेवायलाही उठले नाहीत, असं आई फोनवर म्हणाली होती. आता विषय काढला की म्हणायचे, "कुठला ट्रक?"

तिने इंजिन बंद केलं, टाकी उतरवली आणि वायर बोटांनी चाचपत नेली. मध्येच काळी टेप लागली. टेपचं टोक उलटं दुमडून त्याचा छोटासा कान केला होता.

तिचा हात थांबला. आयुष्यभर वायरमनचं काम केलेल्या बाबांनी तिला लहानपणी हेच शिकवलं होतं. पुढच्या माणसाला सोडवताना नखं झिजवावी लागू नयेत.

तिने कान धरून टेप सोडवली. वायर कटरने सरळ कापलेली होती. दोन्ही टोकं वेगवेगळी गुंडाळली होती, चुकून गाडीच्या लोखंडाला लागू नयेत म्हणून. कामात घाई नव्हती, रागही नव्हता.

तिने वर पाहिलं. बाबा हेल्मेटची काच शर्टाच्या बाहीने पुसत होते.

"उद्या पुलापलीकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "सापडलं का?"

खिडकीतला भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही, बाबा. डायनॅमोच गेलाय बहुतेक. त्याचा पार्ट मिळणं अवघड आहे."

"एवढं शिकून शेवटी बहुतेकच!" बाबांनी मान हलवली. "मला पूर्वीसारखं वाकता आलं असतं, तर चुटकीसरशी शोधलं असतं."

"हो, बाबा."

तिने टेप होती तशी गुंडाळली, आणि टोक दुमडून कान केला.