ओळख नसल्याचा दाखला

मेसेरेत देस्टाने एका बियाणे कंपनीच्या उभ्या फलकामागे स्वतःला सामावून घेतलं आणि इकडे बघू नकोस, असं फाकुंदोला हातानेच खुणावलं. फाकुंदो अर्थातच बघत होता. वर हसतही होता.

संमेलनाच्या सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला, एकशे चौदा क्रमांकाच्या पोस्टरसमोर डॉ. ऑर्विल हॅल्व्हरसन काठीवर दोन्ही हात टेकून उभे होते. वय ब्याऐंशी. गव्हावरच्या तांबेरा रोगाबद्दल जे काही धड माहीत होतं, त्यातलं निम्मं या माणसाने शोधून काढलेलं. पोस्टर मेसेरेतचं होतं आणि त्यापाशी उभं राहून उत्तरं देणं हे तिचं काम होतं.

फाकुंदो हॉटेलची पाणचट कॉफी घेऊन फलकाशी आला. सहा वर्षं दोघं एकाच प्रयोगशाळेत होते, त्यामुळे त्याला कसलीच भीड नव्हती.

"चष्मा काढून, कागदाला नाक लावून वाचतायत. जा ना बाई! माणूस आपल्या पायाने आलाय."

"मला भेटता येणार नाही. तुला माहितीये."

"शाळेतल्या पोरीसारखी लपतेस. पस्तिशी उलटली तुझी."

"छत्तीस. आणि तोंड बंद ठेव. तिकडे जाऊन उभा राहा."

सगळं त्या अर्जामुळे झालं होतं. अमेरिकेत कायमचं राहायचं तर एरवी एखाद्या मालकाला तुमच्यासाठी खटपट करावी लागते. संशोधकांना आणखी एक वाट असते: आपल्या कामात देशाचं हित आहे, हे स्वतःच पटवून द्यायचं. वकीलबाई शेरिल मॅकनॅब यांनी त्यासाठी सहा शिफारसपत्रं मागितली. तीन ओळखीच्यांची चालतील, तीन मात्र "ज्यांनी तुम्हाला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, नुसतं तुमचं काम वाचलंय" अशांची हवीत.

आणि पत्र स्वतः कोण लिहितो? सगळ्यांचं उत्तर एकच, मसुदा पाठवा, सही करतो. म्हणून मेसेरेत चार महिने सहा थोर माणसांच्या आवाजात स्वतःचीच आरती ओवाळत बसली होती. 'या क्षेत्रात डॉ. देस्टा यांना तोड नाही.' लहानपणी अशी फुशारकी मारली असती तर आईने कान उपटला असता. प्रत्येक पत्राचा सूर वेगळा वाटावा म्हणून एकात छोटी वाक्यं, दुसऱ्यात लांबलचक, असले उद्योगही तिने केले होते. तिला स्वतःचा उबग आला होता.

हॅल्व्हरसन यांनी होकार दिला तेव्हा मात्र ती प्रयोगशाळेत एकटीच नाचली होती. त्यांच्यासाठी लिहिलेल्या मसुद्यात तिने ठळक वाक्य घातलं: 'डॉ. देस्टा यांना मी कधीही भेटलेलो नाही.' त्यांनी कळवलं, संमेलनाहून परतलो की सही करतो. हेच संमेलन. सही अजून व्हायची होती आणि फेब्रुवारीत तिचा व्हिसा संपत होता; त्याआधी अर्ज दाखल झाला तरच निकालापर्यंत तिला इथे राहता येणार होतं. ती गेली की सहा वर्षं वाढवलेले गव्हाचे वाण विद्यापीठाच्या शेतातच राहणार आणि त्या तुकड्यावर नांगर फिरणार. ते बरोबर नेण्याची परवानगी नव्हती.

तिला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. अजिबात आजारी न पडणारं रोप सगळेजण शोधत असताना, हळूहळू आजारी पडणारं पण तग धरणारं रोप शोधावं, हे त्यांना सुचलं कसं? लोक हसत होते तेव्हा ते थांबले का नाहीत? अदिस अबाबाच्या वसतिगृहात, बाविसाव्या वर्षापासून हा प्रश्न तिच्या मनात होता.

दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि आत तेच. मेसेरेत गर्रकन वळली आणि नऊ मजले चढून गेली. बुधवार, तिच्या इथिओपियन चर्चच्या उपासाचा दिवस, मांस वर्ज्य. जेवणाच्या डब्यांत सगळीकडे कोंबडी होती, म्हणून जिन्यात बसून तिने एक सफरचंद खायला घेतलं. तिथे फाकुंदोने तिला गाठलं.

"परत आले होते. म्हणाले, या बाई असतात कुठे? मी सांगितलं, बाथरूमला गेल्यात."

"काल पण तेच सांगितलंस ना!"

"मग काय सांगू? त्यांना वाटत असेल, तुला मोठा आजार आहे." मग त्याचा आवाज उतरला. "वीस मिनिटं माझ्या खुर्चीत बसून राहिले, मेसेरेत. मग कुणीतरी त्यांना हाताला धरून गाडीकडे नेलं."

मेसेरेतने उरलेलं सफरचंद टाकून दिलं. तिला फाकुंदोचा राग आला, शेरिलचा आला, सरकारचा आला. स्वतःचा सर्वांत जास्त आला.

तीन आठवड्यांनी शेरिलने तिला कार्यालयात बोलावलं आणि पत्र पुढे सरकवलं.

"वाचा, वाचा! सोनं आहे हे."

मेसेरेतने वाचलं. वाक्यं तिचीच होती, स्वल्पविरामसुद्धा तिचे. दुसऱ्या परिच्छेदात मात्र भर पडली होती. 'डॉ. देस्टा यांना मी कधीही भेटलेलो नाही. परवाच्या संमेलनात दोन दिवस त्यांची वाट पाहिली, पण गाठ पडली नाही. माझ्या वयात अशी गोष्ट पुढच्या वर्षावर टाकता येत नाही, याचं वाईट वाटतं.'

"असं मागून मिळत नाही हो," शेरिल म्हणाली. "खरं तर तुम्ही जाऊन बोलला असतात तरी काही बिघडलं नसतं."

"काय?"

"संमेलनातली भेट कोण धरतं? एकत्र काम केलेलं नको, एवढंच. 'एकदा धावती भेट झाली' असं वाक्य बदललं असतं आपण."

"तुम्ही म्हणालात, आयुष्यात कधी पाहिलेलं नाही."

"अहो, बोलायची पद्धत असते ती!"

 मेसेरेतला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय सांगणार?

"आता मात्र त्यांनी लिहूनच दिलंय," शेरिल म्हणाली. "निकाल लागेपर्यंत हे वाक्य खरं राहिलेलं बरं. फोन नको, आभाराचं पत्रही नको. उगाच त्यांच्यामागे चौकशी लागायला नको."

"निकाल कधी?"

"सध्या दीड वर्ष धरून चाला."

"ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत."

"म्हणून तर सही लवकर मिळाली ते बरं झालं," शेरिल म्हणाली आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने अर्जाचं पाकीट उगाच सारखं केलं. "पाठवू ना? आज गेलं तर फेब्रुवारीच्या आत अर्ज दाखल होतो."

मेसेरेतने तो परिच्छेद पुन्हा वाचला.

"पाठवा," ती म्हणाली.

शेरिलने हात पुढे केला. कागद तिला थोडा ओढूनच घ्यावा लागला.