पाळकसाहेबांचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि माझं झाकण माझं नाही. मूळचं कतारमधल्या रास लफानच्या गॅस-प्लांटला जाणाऱ्या कंपनी-बसमध्ये राहिलं. हे पाळकसाहेबांच्या लेकीच्या, उर्वीच्या पाण्याच्या बाटलीचं. जरा सैल बसतं.

जन्म, काम, कौतुक, उपेक्षा असं ओळीने सांगायला हवं. पण माझ्यात शेवटी भरलेलं आधी बाहेर येतं.

उपेक्षा: दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीतल्या घरी वरची फळी. खाली नवा, स्टीलचा थर्मास.

कौतुक: मिरजेत अभिजित ओहोळांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, तेव्हा चर्चच्या मंडळीने मला भेट दिलं. टाळ्या अजून माझ्या काचेत आहेत.

काम: पाळकसाहेब टेक्निशियन म्हणून कतारला आले. आठवडाभर माझ्यात प्लांटवरचा आल्याचा चहा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मात्र प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीसोबत घ्यायचा, गार द्राक्षरस.

जन्म राहू द्या; आता त्यातला एक शुक्रवार.

आमच्या मंडळीतल्या मधुआत्यांच्या मुलाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. संध्याकाळी त्या कायमच्या मिरजेला निघणार होत्या. सोळा वर्षं ज्या हातून प्रभुभोजन घेतलं, त्याच हातून एकदा शेवटचं घ्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पाळकसाहेब शिफ्ट संपवून थेट उपासनेला आले. त्यांनी मला उघडलं.

वाफ आली.

"ही कसली वाफ?" देवीदास भांबळांनी विचारलं. मंडळीने त्यांना ‘वडील’, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, म्हणून निवडलं होतं.

"चहा. शिफ्टचा. द्राक्षरस घरीच राहिला."

"बाबा, टी चालेल ना?" लेक उर्वी म्हणाली.

"चालणार नाही," देवीदास म्हणाले.

उपासनेची खोली तासांवर मिळायची; आमची वेळ संपली होती. पुढची मंडळी दारात उभी होती.

"राहू द्या की," मधुआत्या म्हणाल्या. पण पिशवी उचलताना त्यांचा हात दोनदा चुकला.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी मला विसळलं, द्राक्षरस भरला आणि विमानतळ गाठला. पार्किंगमध्ये देवीदास टाय लावून आधीच उभे!

"वडील हजर नसतील तर विधी होत नाही. नियम आहे," ते म्हणाले.

गाडीच्या बॉनेटवर रुमाल, रुमालावर भाकर. प्रार्थना झाली. आत्यांनी पेला ओठांना लावला आणि थांबल्या.

"आलं लागतंय, पाळकसाहेब."

"घाईत विसळला, आत्या. माफ करा."

"असू द्या. तुमच्या ड्युटीचा वास हाय. मिरजेत ह्यो कुठला मिळायचा?"

त्यांनी पेला रिकामा केला.

मित्रांनो, आम्हा थर्मासांना गरम पाण्याने धुवा, उलटं ठेवून वाळवा. एवढं करूनही थोडा वास राहिलाच, तर आम्हाला टाकू नका.